मानकरी ते स्वयंसेवक

आपल्या संस्थेच्या वार्षिक संमेलनांची जुनी छायाचित्रे चाळताना एक गोष्ट सहज लक्षात येते. मध्यभागी अध्यक्ष व पाहुणे खुर्च्यांवर विराजमान असतात, त्यांच्या मागे कार्यकारी मंडळाचे सभासद उभे असतात आणि अगदी कडेला, पुष्कळदा अर्धवट कापले गेलेले, छातीवर कापडी बिल्ला लावलेले काही तरुण दिसतात. छायाचित्राखाली मान्यवरांची नावे क्रमाने छापलेली असतात. या तरुणांच्या वाट्यास मात्र 'व स्वयंसेवक' एवढेच शब्द येतात. त्या शब्दांमागे किती मोठा इतिहास उभा आहे, याची जाणीव छापणाऱ्यास नसते आणि बिल्ला लावणाऱ्यासही नसते. तो इतिहास थोडक्यात ज्ञातिबंधुभगिनींसमोर मांडावा आणि त्यावरून आपल्या संस्थेने काही बोध घ्यावा की काय, याचा विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषयास हात घालण्यापूर्वी एक आठवण सांगितली पाहिजे. प्रस्तुत लेखकाने तरुणपणी अशाच एका ज्ञातिसंमेलनात बिल्ला मिरविला आहे. आम्ही पाहुण्यांस हारतुरे दिले, बायकामंडळींस जागा करून दिली, पंगतीत धावून धावून वाढले. पंगत उठली तेव्हा उष्ट्या पत्रावळी तशाच पडून राहिल्या. त्या उचलण्यासाठी गावाबाहेरच्या वस्तीतून काही स्त्रिया बोलाविल्या होत्या. कामाच्या मोबदल्यात उरलेले अन्न त्यांना दिले गेले. आम्हां वीस-पंचवीस स्वयंसेवकांपैकी एकाच्याही मनात पत्रावळीस हात लावावा असे आले नाही, आणि कोणी तसे सांगितलेही नाही. त्या वेळी त्यात काही वावगे वाटले नाही. पुढे या विषयाचे वाचन होत गेले, तसतसा तो प्रसंग मनास अधिकाधिक टोचू लागला. त्याचे कारण पुढील विवेचनात स्पष्ट होईल.

मान आणि वेठ

सार्वजनिक कार्यात हातभार लावण्याची चाल आपल्याकडे नवी नाही. गावची जत्रा, देवाचा उत्सव, होळी, पोळा, दसरा हे सारे पूर्वी गावच पार पाडीत असे. परंतु त्या व्यवस्थेत कोणते काम कोणी करावयाचे हे जन्मानेच ठरलेले असे. होळीस पहिली पोळी कोणाची, पोळ्यास पुढचा बैल कोणाचा, दसऱ्याचे सोने प्रथम कोणी लुटावयाचे, हे सर्व 'मान' होते. वतनपत्रांतून या मानपानांच्या याद्या तपशीलवार लिहून ठेवलेल्या आढळतात आणि त्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या भांडणांचे निवाडेही आढळतात. पालखीचा खांदा, दिवटी, वाजंत्री, तोरण यांतील प्रत्येक गोष्ट कोणत्या ना कोणत्या घराकडे किंवा जातीकडे होती.

मानाची ही एक बाजू झाली. दुसरी बाजू वेठीची. गाव झाडणे, मेलेली जनावरे ओढून नेणे, सरकारी ओझी वाहणे, सांगावा पोहोचविणे, ही कामेही जन्मानेच ठरलेली होती. मात्र त्यांचा मान कोणास नव्हता आणि ती नाकारण्याची मुभाही कोणास नव्हती. एकाचे काम दुसऱ्याने करणे हा मानकऱ्याच्या दृष्टीने हक्कावर घाला होता, आणि वेठीची कामे वरच्याने करणे हा तर प्रत्यक्ष विटाळ होता. यास्तव आजच्या अर्थाने ज्यास आपण स्वयंसेवक म्हणतो, म्हणजे जे काम जन्माने आपल्यावर आलेले नाही ते आपखुशीने अंगावर घेणारा मनुष्य, त्यास त्या व्यवस्थेत जागाच नव्हती.

या नियमास पंढरीची वारी हा काही अंशी अपवाद म्हटला पाहिजे. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांच्या पदरी असलेले हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीस आजचे शिस्तबद्ध स्वरूप दिले. हजारो माणसे शासनाच्या आज्ञेवाचून, दिंड्यादिंड्यांत विभागून, ठरलेल्या क्रमाने चालतात. सायंकाळी तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की टाळमृदंग क्षणात शांत होतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ वाजत राहतात, तिची दाद घेतली जाते. हरवल्या-सापडल्या वस्तूंची वर्दीही तेथेच दिली जाते. स्वयंशिस्तीचा एवढा जुना व एवढा मोठा वस्तुपाठ क्वचितच आढळेल. तथापि ज्या विठ्ठलाच्या ओढीने ही माणसे चालत, त्याच्या मंदिराचे दार तत्कालीन अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांस १९४७ पर्यंत बंदच होते. साने गुरुजींनी त्या वर्षी मे महिन्यात प्राण पणास लावून उपोषण केले, तेव्हा ते उघडले. वारीने शिस्त शिकविली. पण जन्माने आखलेली रेषा पुसण्याचे काम दुसऱ्या वाटेने व्हावयाचे होते.

दुष्काळातील पहिला धडा

त्या वाटेचा प्रारंभ शोधू गेल्यास १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळापाशी येऊन थांबावे लागते. पुण्यास गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने १८७० मध्ये सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. सभेने गावोगाव माणसे धाडून पिकाची, गुराढोरांची व मजुरीची खरी स्थिती टिपून घेतली आणि ती सरकारपुढे मांडली. कोणीही सांगितलेले नसता, आपल्या गावचे नसलेल्या शेतकऱ्याच्या दारी जाऊन त्याचे दुःख लिहून आणणे, हेही एक नवेच काम होते.

याच सुमारास महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने प्रत्यक्ष अन्नदानाचे काम हाती घेतले. हा समाज २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झाला होता. पुण्याजवळ धनकवडी येथे १८७७ मध्ये व्हिक्टोरिया बालाश्रम उघडून दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांच्या जेवणाची सोय करण्यात आली. सावित्रीबाई त्या काळात जुन्नर भागात होत्या. तेथून २० एप्रिल १८७७ रोजी त्यांनी जोतीरावांस लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. समाजाच्या कार्यकर्त्यांनी दुष्काळपीडितांसाठी कशा समित्या केल्या, सावकारांस लुटल्याचा आळ घेऊन त्यांस कसे पकडण्यात आले, आपण कलेक्टरास भेटून त्यांची सुटका कशी करविली आणि त्या अधिकाऱ्याने ज्वारीच्या चार गाड्या कशा धाडल्या, हे सर्व त्या पत्रात आहे. आजचा कार्यकर्ता ज्या अडचणी सांगतो, त्या बहुतेक सर्व या एका पत्रात आढळतात. निधी अपुरा, अधिकारी संशयी, धनिक विरोधात आणि काम करणाऱ्यावरच आळ! तरीही काम थांबलेले नाही, हे विशेष.

प्लेग आणि ज्ञातींची रुग्णालये

यानंतरचा मोठा प्रसंग प्लेगाचा. ज्ञातिसंस्थांच्या इतिहासाशी त्याचा फार निकटचा संबंध असल्यामुळे तेथे थोडे अधिक रेंगाळणे अवश्य आहे.

मुंबईत मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेगाचे रोगी आढळू लागले. मूळचे गोमंतकीय असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा रोग प्लेगच होय असे निदान केले. पुढील काही महिन्यांत शहरातून लाखो लोक पळाले. सरकारने रोग्यांस बळाने रुग्णालयात नेण्यास आरंभ केला, आणि लोकांच्या मनात रोगापेक्षाही रुग्णालयाची दहशत बसली. तेथे जातिगोताचा विटाळ होईल, परक्याच्या हातचे खावे लागेल, स्त्रियांचा पडदा राहणार नाही, मेल्यावर प्रेताचे संस्कार होणार नाहीत, अशा नाना शंका होत्या. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, यावरून त्या दहशतीची कल्पना येईल.

अशा वेळी निरनिराळ्या ज्ञाती व पंथ यांनी आपापली तात्पुरती रुग्णालये उघडण्यास प्रारंभ केला. पारशी, जैन, खोजा इत्यादी समाजांनी मुंबईत अशी रुग्णालये काढली. जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली मार्च १८९७ मध्ये नेमलेल्या प्लेग समितीनेही त्यांस उत्तेजन दिले, कारण बळजबरीने जे साधत नव्हते ते यामुळे साधू लागले. आपल्याच माणसांनी चालविलेल्या रुग्णालयात रोगी येऊ लागले. डॉ. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगाची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली होती. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी ती सर्वांसमक्ष टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या अनुयायांचे भय ओसरले. पुण्यासही लोकमान्य टिळक शहर न सोडता राहिले, हिंदूंसाठी रुग्णालय उघडण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि विलगीकरणाच्या छावणीत मोफत अन्नछत्र चालविले.

ज्ञातिसंस्थेने केलेल्या सेवेचे हे उज्ज्वल उदाहरण होय, आणि ज्ञातिसंस्थांस केवळ संकुचित म्हणून हिणविणाऱ्यांनी ते विसरू नये. मनुष्य संकटात प्रथम आपल्या ओळखीच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवतो. त्या विश्वासाचा उपयोग करून ज्ञातीने आपल्या लोकांस औषधापर्यंत आणले. जे तरुण या रुग्णालयांत राबले त्यांनी मळ काढला, ओकाऱ्या धुतल्या, प्रेते उचलली. जी कामे त्यांच्या वाडवडिलांनी जन्मात केली नसतील ती त्यांनी आपल्या ज्ञातीच्या रोग्यासाठी केली. येथे मानाची जुनी चौकट पहिल्यांदा मोडली.

परंतु या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या ज्ञातीपाशी पैसा होता, तिचे रुग्णालय निघाले. ज्यांच्यापाशी तो नव्हता, त्यांनी कोठे जावे? या प्रश्नाचे उत्तर त्याच वर्षी पुण्यात मिळाले. सावित्रीबाई फुले यांनी आपला दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्याकडून हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर दवाखाना सुरू करविला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगग्रस्त मुलास त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा देहान्त झाला. त्या मुलाची आणि सावित्रीबाईंची ज्ञात एक नव्हती. ज्ञातीची रुग्णालये आपल्या माणसासाठी होती. ही वृद्ध स्त्री ज्यास माणूस नव्हता त्याच्यासाठी गेली. सेवेच्या इतिहासात या दोन गोष्टींची गल्लत करता येणार नाही. पहिली आवश्यक होती, दुसरी थोर होती.

याच प्लेगाने आणखी एक मनुष्य घडविला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ मध्ये विलायतेत असताना पुण्यातील सोजिरांच्या वर्तनाविषयी केलेले आरोप त्यांना सिद्ध करता आले नाहीत आणि परत आल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. त्यांच्यावर चोहोकडून टीकेचा भडिमार झाला. पुढच्याच प्लेगाच्या साथीत ते निमूटपणे स्वयंसेवक म्हणून घरोघर हिंडले. अपमान गिळून काम करीत राहणे हे स्वयंसेवकाचे एक लक्षणच म्हटले पाहिजे.

सेवेस शास्त्राचे रूप

प्लेगाच्या अनुभवातून एक गोष्ट विचारी लोकांच्या ध्यानी आली, ती ही की नुसत्या उमाळ्याने सेवा होत नाही. तीस शिक्षण, शिस्त व सातत्य लागते. गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यास भारत सेवक समाज स्थापन केला तो याच जाणिवेतून. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये मुंबईत भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन करून अस्पृश्य मानलेल्या समाजात शाळा व वसतिगृहे काढली. त्या कामात त्यांच्या भगिनी जनाक्का यांनीही आपणांस वाहून घेतले होते.

श्रीमती रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यास सेवासदन सुरू केले. विधवा व गरजू स्त्रियांस शिक्षण देऊन त्यांस परिचारिका करणे हे त्या काळी सोपे नव्हते. परपुरुषास व परजातीच्या रोग्यास स्पर्श करणारी बाई ही घराण्यास बट्टा लावणारी, अशी समजूत होती. रमाबाई रुग्णालयात फळे-फुले व पुस्तके घेऊन जात, तुरुंगातील स्त्रियांस भेटत, आणि आळंदीच्या यात्रेत यात्रेकरू स्त्रियांच्या साहाय्यासाठी सेवासदनाच्या स्वयंसेविकांचे पथक नेत. यात्रेतील गर्दीत स्त्रियांची सोय पाहण्यास स्त्रियाच हव्यात, ही साधी गोष्ट त्यांनी कृतीने पटवून दिली.

मुंबईत १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन झाली. तिचे प्राण म्हणजे नारायण मल्हार जोशी. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावी १८७९ मध्ये जन्मलेल्या या शिक्षकाने गिरणगावातील चाळींत रात्रीच्या शाळा, वाचनालये, फिरती ग्रंथालये, दवाखाने व कामगारांच्या सहली सुरू केल्या. पुढे अखिल भारतीय कामगार चळवळीचे ते अध्वर्यू झाले, तो भाग वेगळा. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, लीगच्या स्वयंसेवकास पत्ता विचारला जाई तो चाळीचा, जातीचा नव्हे. ज्या खोलीत कंदील लावावयाचा, तीत कोकणातला मराठा बसे, घाटावरचा माळी बसे, महारही बसे.

लीगच्या या वृत्तीचे फळ कसे आले ते पाहावे. परळच्या दामोदर सभागृहात लीगचे कार्य चाले. त्याच सभागृहात ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बोलाविलेली सभा भरली आणि तीमधून त्याच वर्षी २० जुलै रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. महाडच्या परिषदेत बाबासाहेबांच्या बरोबर उभे राहिलेले अनंतराव चित्रे व गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हेही लीगशी संबंधित कार्यकर्ते होते. १९ व २० मार्च १९२७ रोजी भरलेल्या त्या परिषदेसाठी पिण्याचे पाणी चाळीस रुपयांस विकत घ्यावे लागले होते. पाणपोईवर उभे राहून तहानलेल्यास पाणी देणे हे आपण स्वयंसेवकाचे सर्वांत सोपे काम समजतो. ज्या देशात तळे समोर असून पाणी विकत घ्यावे लागे, तेथे ते काम किती कठीण होते याची कल्पना करावी.

वसतिगृहाची शिडी

ज्ञातिसेवेतून लोकसेवेकडे जाण्याचा मार्ग सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो विद्यार्थी वसतिगृहांच्या इतिहासात. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि पाठोपाठ जैन, लिंगायत, मुसलमान इत्यादी समाजांची वसतिगृहे त्यांच्या आश्रयाने उभी राहिली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघाले. खेड्यातील मुलास शहरात राहण्यास जागा मिळत नव्हती, खाणावळीत घेत नव्हते. त्या काळी ज्ञातिज्ञातीने आपल्या मुलांची जबाबदारी घेणे हाच शिक्षणाचा व्यवहार्य मार्ग होता. आपल्यापैकी अनेक वयोवृद्ध ज्ञातिबांधवांचे वडील-आजोबा अशाच कोणत्या तरी वसतिगृहाच्या अन्नावर वाढले आहेत, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

कोल्हापुरातील जैन वसतिगृहात त्या काळी भाऊराव पाटील नावाचा एक विद्यार्थी होता. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर त्याने शुद्धीचे स्नान करण्याचे नाकारले आणि त्यामुळे त्यास वसतिगृह सोडावे लागले, असे त्याच्या चरित्रात सांगतात. याच भाऊरावांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढले. महात्मा गांधींनी १९२७ मध्ये त्यास छत्रपती शाहूंचे नाव दिले. मुले स्वतः दळीत, स्वयंपाक करीत, झाडलोट करीत, एका पंगतीस बसत. घरोघरच्या मूठ मूठ धान्यावर ते चाले. ते अपुरे पडले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने व अखेर मंगळसूत्रही दिले. कोल्हापूरची वसतिगृहे नसती तर साताऱ्याचे वसतिगृह सुचले नसते. आणि कोल्हापूरच्या पायरीवरच सारे थांबले असते तर शिडीस अर्थ राहिला नसता. ज्ञातिसंस्था ही शिडीची पायरी आहे. पायरीवर पाय ठेवावयाचा असतो, बिऱ्हाड करावयाचे नसते.

खराटा

या इतिहासाचा कळस मात्र कोणत्याही संस्थेत नाही. तो एका खराट्यात आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी, म्हणजेच गाडगेबाबा, १९०५ मध्ये घर सोडून निघाले. ज्या गावी जात तेथे प्रथम रस्ते झाडीत, मग रात्री कीर्तन करीत. पंढरीस आयुष्यभर गेले. पण देवळात न जाता चंद्रभागेचे वाळवंट झाडीत राहिले. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या. त्यांपैकी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा निवर्तले, तेव्हा त्यांच्या मागे स्वतःचे म्हणावे असे घर नव्हते.

बाबांनी केले काय? वेठीची म्हणून जी कामे आपण एका समाजाच्या कपाळी मारली होती, ती त्यांनी सर्वांची केली. सभ्य गृहस्थांच्या हाती त्यांनी खराटा दिला. जे काम मानाचे नव्हते आणि म्हणून कोणी करीत नव्हते, त्यातच सेवेचा खरा कस लागतो, हे त्यांनी व्याख्यान न देता दाखविले. महाराष्ट्र शासनाने पुढे ग्रामस्वच्छतेच्या अभियानास त्यांचे नाव दिले हे योग्यच झाले. परंतु नाव देणे सोपे आणि खराटा घेणे कठीण, हा अनुभव आजही येतो.

संकटाची हाक

स्वातंत्र्योत्तर काळातील तीन प्रसंगांचा केवळ उल्लेख करतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. घरे चिखलाने भरली, नळ कोरडे पडले. त्या दिवसांत विद्यार्थ्यांनी, तालमींतील मुलांनी, गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांनी फावडी घेतली. कोणाच्या घरातला चिखल आपण उपसतो आहोत, हे विचारण्यास कोणास सवड नव्हती.

दुसरा प्रसंग १९९३ चा. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपतींचे विसर्जन करून रात्री उशिरा लोक झोपी गेले, आणि ३० तारखेच्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांतील हजारो माणसे दगडमातीखाली गाडली गेली. राज्यभरच्या ज्या मंडळांच्या मुलांच्या अंगावरचा गुलाल अजून निघाला नव्हता, तीच मुले दुसऱ्या दिवशी धान्य, कपडे व औषधे गोळा करू लागली. उत्सवासाठी जमलेले मनुष्यबळ संकटात कसे उपयोगी पडते, याचे याहून मोठे प्रत्यंतर नाही. उत्सवातील मिरवणूक हा नुसता थाट नसून शिस्तीची तालीमही आहे; मात्र ती तालीम ज्या लढाईसाठी, ती लढाई विसरता कामा नये.

तिसरा प्रसंग अगदी अलीकडचा. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, १९३४ पासून चालत आलेला लालबागच्या राजाचा उत्सव मंडळाने नेहमीच्या स्वरूपात केला नाही. त्याऐवजी 'आरोग्योत्सव' म्हणून रक्तदान व रक्तद्रवदानाची शिबिरे भरविली. रक्ताच्या पिशवीवर गट लिहिलेला असतो, ज्ञात लिहिलेली नसते, ही गोष्ट येथे मुद्दाम ध्यानात घ्यावी.

आपणांस बोध

वाचकहो, दीडशे वर्षांच्या या वाटचालीतून एकच सूत्र निघते. प्रथम मान होता, मग ज्ञातीसाठी सेवा आली, मग सर्वांसाठी सेवा आली. आपल्या संस्थेने दुसरी पायरी उत्तम रीतीने चढली आहे. विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या, गरजूंस औषधपाणी, वधूवरांचे मेळावे, ही कामे निष्ठेने होतात, आणि त्यांसाठी झिजलेल्या कार्यकर्त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु अलीकडे एक चिंतेची गोष्ट दिसते. संमेलनात व्यासपीठावर बसणारे वाढत आहेत, सत्कारांची यादी लांबत आहे आणि बिल्ला लावणारे तरुण कमी होत आहेत. जी कामे उरतात ती भाडोत्री माणसांकडून करून घेतली जातात. म्हणजे आपण पुन्हा मानकरी होऊ लागलो आहोत, आणि वेठ पुन्हा जुन्याच वस्तीकडे जाऊ लागली आहे. फरक एवढाच की, पूर्वी उरलेले अन्न दिले जाई, आता रोजंदारी दिली जाते.

यास्तव कार्यकारी मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवाव्याशा वाटतात. पहिली, पुढील संमेलनात पंगत उठल्यावर पत्रावळी उचलणे व मांडव झाडणे हे काम स्वयंसेवकांनी करावे, आणि त्याची सुरुवात पदाधिकाऱ्यांनी स्वतः करावी. दुसरी, आपल्या शिष्यवृत्ती निधीतील काही भाग, तो कितीही लहान असो, ज्ञातीबाहेरच्या गरजू विद्यार्थ्यासाठी राखून ठेवावा. तिसरी, आपल्या तरुणांनी वर्षातून काही दिवस तरी आपल्या गावच्या रुग्णालयात, यात्रेत किंवा आपत्तीच्या जागी अशा ठिकाणी सेवा करावी, की जेथे त्यांचे आडनाव कोणी विचारणार नाही.

यावर कोणी म्हणेल की, ज्ञातीच्या पैशाने परक्यांची सेवा का करावी? आक्षेप अगदीच गैर नाही. वर्गणी देणाऱ्याने ती आपल्या लोकांच्या हितासाठी दिलेली असते. परंतु आपल्या मुलांचे हित केवळ शुल्काच्या पावतीत नाही. त्यांचे हृदय किती मोठे झाले यातही आहे. जो तरुण आयुष्यभर फक्त आपल्याच माणसांस वाढीत राहिला, तो चांगला वाढपी होईल. त्यास स्वयंसेवक म्हणता येणार नाही.

त्या जुन्या संमेलनातील पत्रावळी आज कित्येक वर्षांनंतरही डोळ्यांपुढून हलत नाहीत. ज्या स्त्रियांनी त्या उचलल्या, त्यांची नावे आम्ही विचारली नाहीत, आणि आता ती कळण्याचा मार्गही उरला नाही. त्या चुकीची भरपाई आमच्या पिढीकडून झाली नाही. पुढच्या संमेलनाच्या छायाचित्रात कडेला उभ्या राहणाऱ्या तरुण मंडळींनी ती करावी. आणि शक्य झाल्यास, छायाचित्राखाली त्यांची नावेही छापली जावीत, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.